मुले बाहेर, बदली साकोलीला: कामाजवळ आणि रानाजवळ किरायाचे घर कसे शोधावे?

साकोलीकडे_निघालो
नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असून जूनच्या पहिल्या आठवड्यात मला साकोली (जिल्हा भंडारा) येथील शाखेत रुजू व्हायचे आहे. मुलगा पुण्याला आणि मुलगी बंगळूरूला नोकरीसाठी गेल्यापासून नागपूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच असतो. त्यामुळे शाळा आणि शिकवणीवर्ग बघून घर निवडण्याची गरज संसारात पहिल्यांदाच उरलेली नाही. शाखेतील काही सहकारी नागपूरहून रोज जाणे-येणे करतात. तथापि या वयात जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरचा महामार्ग रोज अंगावर घेण्याची माझी तयारी नाही.

एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला नवेगावबांध आणि मध्ये गावोगाव मालगुजारी तलाव, अशा मुलखात नोकरीची शेवटची काही वर्षे काढायची तर घरही तसेच असावे, असे मला वाटते. शाखेपासून दुचाकीने वीस-पंचवीस मिनिटांच्या आत, शक्य तर तलावाच्या पाळीजवळ किंवा शेतात, आवारात चार झाडे आणि सकाळी पक्षी दिसतील असे घर हवे आहे. इंटरनेटवर शोधले असता साकोलीचे काहीच मिळाले नाही. अशी घरे तिकडे किरायाने मिळतात का, कोणाला विचारावे आणि घर बघताना काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

बोडीवरचा_बगळा
आपले स्वागत आहे. आमच्याकडील घरे इंटरनेटवर नसतात, कारण घरमालकालाच आपले घर किरायाने द्यायचे आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते. आपण विचारल्यावर तो विचार करू लागतो. साकोली, सेंदूरवाफा, सानगडी या पट्ट्यात स्लॅबची चांगली घरे कुलूप लावून पडलेली आहेत. त्यांचे मालक मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला गेले आणि पुढे मुलांच्या मागे पुण्याला. अशा घराचा पत्ता किराणा दुकानदार, पोस्टमन, आशाताई किंवा नुकताच बदलून गेलेला एखादा शिक्षक सांगू शकतो. शाळांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात, म्हणून शिक्षकांनी सोडलेली घरे मे महिन्यात रिकामी होतात, आणि ती राहती असल्यामुळे त्यांचे नळ आणि संडास तरी चालू स्थितीत असतात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घराची मोटार, टाकी आणि वाळवी यांचा हिशेब वेगळा धरावा.

पानठेला_क्रमांक_१
दलाल शोधू नका, पानठेला शोधा. तेथे दोन वेळा उभे राहिलात की तिसऱ्या वेळी घराच्या किल्ल्या आणि घरमालकाच्या कुटुंबाचा इतिहास दोन्ही मिळतात, आणि दुसऱ्या गोष्टीचे पैसे लागत नाहीत.

निवृत्त_मास्तर
बगळाभाऊंनी सांगितले ते योग्य आहे. त्यात एक भर घालतो. धानाच्या पट्ट्यातील घरमालक घर किरायाने देताना एक खोली स्वतःकडे ठेवतो. तो म्हणतो की मंडईला (म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला), दिवाळीला आलो तर उतरायला जागा असावी. त्यात गैर काही नाही, पण त्या खोलीत पुढे काय ठेवले जाते ते आधी विचारून घ्यावे. आम्ही राहत असलेल्या घरी दिवाळीनंतर मालकाच्या शेतातील धानाची पोती त्या खोलीत थप्पी लावून ठेवली गेली. खोलीला कुलूप आणि किल्ली मालकाकडे. महिनाभरात उंदरांनी दाराच्या खालच्या फळीला मुठीएवढे भोक पाडले आणि उंदरांच्या मागोमाग धामण आली. धामण बिनविषारी असते, हे मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवले होते, परंतु स्वयंपाकघरात ती समोर आल्यावर सौभाग्यवतींना तो धडा पटला नाही. मालक सज्जन होते, निरोप मिळताच त्यांनी पोती हलवली. तेव्हा खोली मालकाने जरूर ठेवावी, मात्र त्यात धान्य साठवायचे नाही, हे किराया ठरवतानाच बोलून घ्यावे.

चांदा_ते_बांदा
आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील. आपली बदली ताडोबाकडे झाली नाही, हे घराच्या दृष्टीने आपले नशीब समजा. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळच्या गावांत ज्याच्याकडे दोन बऱ्या खोल्या आहेत, तो त्या पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देतो. महिन्याचा किराया घेणारा किरायेदार त्याला परवडत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला असला तरी तिकडे पर्यटकांची इतकी गर्दी अजून नाही, म्हणून घर मिळेल.

पण रानाजवळ राहण्याची हौस असणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या हंगामात, म्हणजे मार्च-अखेरीपासून मे महिन्यापर्यंत, आमच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड भागांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे जातात. ती बहुतेक भल्या पहाटे वाकून फुले वेचणारी किंवा पाने तोडणारी असतात. साकोलीकडे वाघांची संख्या तितकी नाही, परंतु बिबट, अस्वल आणि रानडुक्कर आहेतच. २०२३ साली ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी नागझिऱ्यात नेऊन सोडण्यात आल्या, म्हणजे पुढे वाघही वाढावेत हीच योजना आहे. ‘सकाळी पक्षी’ म्हणजे आपल्याला पहाटे पाच वाजता एकट्याने जंगलाच्या कडेने फिरणे अभिप्रेत असेल, तर घर कोठेही घ्या, वेळ बदला. उजाडल्यावर जा, दोघे मिळून जा.

फेज_गेला_का
शेतातले घर, असे आपण लिहिले आहे, म्हणून विजेविषयी सविस्तर लिहितो. गावठाणातील घरांना ज्या वाहिनीवरून वीज येते ती वेगळी आणि शेतीपंपांची वाहिनी वेगळी. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज दिवसातील ठरावीक तासच असते. ती कधी दिवसा, कधी रात्री येते आणि उरलेल्या वेळात पंखा धडपणे फिरेल याची खात्री नसते. शिवाय शेतीपंपाच्या जोडणीवरून घर चालवणे नियमात बसत नाही. शेतातले घर दाखवणारा मालक ‘लाइट आहे’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, पण कोणती लाइट आहे हेही सांगत नाही. त्याच्याकडे महिन्याचे घरगुती बिल मागा. बिलावर घरगुती ग्राहक असे लिहिलेले नसेल तर पुढचे बोलणे थांबवा. मे महिन्यात कूलर बंद पडला की पाळीवरचे पक्षी मोजण्याची इच्छा फार वेळ टिकत नाही.

साकोलीकडे_निघालो
वरील प्रश्न यांनी लिहिला. मी त्यांची पत्नी याच खात्यावरून लिहीत आहे, कारण सगळे प्रतिसाद वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की घराविषयी जे विचारले गेले ते सकाळी साडेनऊला घराबाहेर पडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने विचारले गेले. मधले साडेनऊ तास त्या घरात मी असणार आहे. शेतात, तलावाच्या पाळीला, एकटी.

मला झाडांची आवड यांच्यापेक्षा कमी नाही. फ्लॅटच्या गॅलरीत मी आजवर जे लावले ते बघितलेले नातेवाईक याची साक्ष देतील. मात्र मी नागपुरातील एका संस्थेचे हिशेब घरून पाहते, त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क खात्रीचे हवे. मला चारचाकी चालवता येत नाही, म्हणून बसथांबा किंवा ऑटो पायी पोहोचता येईल इतका जवळ हवा. आणि हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर एखादे बिऱ्हाड हवे. मुले गेल्यानंतर घर शांत झाले आहे, एवढी शांतता मला पुरेशी आहे. आणखी शांतता विकत घ्यावी असे मला वाटत नाही.

पानठेला_क्रमांक_१
काकू, आपला प्रतिसाद वाचून काकांनी दुर्बीण कपाटात ठेवली असावी, असा अंदाज आहे.

पळसगावची_लेक
काकूंशी मी पूर्ण सहमत आहे. मूळ प्रश्नातील एका गोष्टीला मात्र हरकत घेते. शहरातील माणसे गावाकडे ‘निसर्गात’ राहायला येतात तेव्हा त्यांना गाव नको असते, फक्त गावाचा देखावा हवा असतो. तलावाच्या पाळीवर सकाळी पक्षी असतात, तशीच गावातील माणसेही असतात. धुणे असते, गुरे पाण्यावर येतात, ढीवर बांधव पहाटे जाळे टाकतात. मालगुजारी तलाव आमच्या पूर्वजांनी धानाच्या सिंचनासाठी बांधले, आजही बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेततुकड्यांना, पाणी त्यांतूनच मिळते आणि पाणी सोडले की ते रिकामे होतात. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या खिडकीसमोर पाणी नसेल, भेगाळलेली गाळपेर जमीन असेल. ज्यांना बारमाही तलाव बघायचा आहे त्यांनी नवेगावबांधला सुटीच्या दिवशी जावे.

शिवाय दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि तिला जोडून रात्री झाडीपट्टीचे नाटक असते, ते दहा-साडेदहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते. त्या हंगामात आठवडाभर एकाही रात्री लाउडस्पीकर ऐकू आला नाही असे होत नाही. मला ते प्राणाहून प्रिय आहे. परंतु ज्यांना रात्री शांत झोप हवी आहे त्यांनी नाटकाचे मैदान आणि घर यांच्यातील अंतर आधी बघून घ्यावे.

बोडीवरचा_बगळा
पळसगावच्या ताईंचे म्हणणे रोखठोक आहे, पण काकांवर थोडा अन्याय करणारे आहे. देखावा हवा असणे हा काही गुन्हा नाही. आम्हीही संध्याकाळी पाळीवर जाऊन बसतोच. उलट बाहेरून आलेले लोक सारस बघायला गोंदियाकडे जाऊ लागले, तेव्हा आमच्या पोरांना आपल्या शिवारातील पक्ष्यांची नावे कळली. तलाव आटतो हे मात्र त्यांनी बरोबर सांगितले. उन्हाळी धान असलेल्या शिवारात आणखी एक गोष्ट तपासावी. धानाला पाणी देण्यासाठी बोअर एप्रिलभर चालू असतात, त्यामुळे शेजारच्या घरगुती विहिरींची पातळी खाली जाते. जुलैत काठोकाठ दिसणारी विहीर मेच्या दुसऱ्या आठवड्यात बादली खरवडते. म्हणून घर आताच, याच महिन्यात बघा. पावसाळ्यात बघितलेले प्रत्येक घर सुंदर असते.

कवेलू_की_स्लॅब
घर कवेलूचे (कौलारू) असेल तर घ्यावे की नाही, याविषयी कोणी लिहिले नाही. माझे मत असे की आपल्याकडील उन्हात कवेलूचे, मातीच्या जाड भिंतींचे घर दुपारी स्लॅबच्या घरापेक्षा निश्चित सुसह्य असते. पश्चिमेला भिंत असलेले स्लॅबचे घर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते.

निवृत्त_मास्तर
सुसह्य असते, हे खरे. पण त्या घरावर वानरांची टोळी एकदा उतरली की पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरून घ्यावे लागतात, आणि ते काम येणारी माणसे आता गावात सापडत नाहीत. खर्च किरायेदाराने करायचा की मालकाने, यावरून संबंध बिघडतात. त्यापेक्षा स्लॅबवर चुना मारून घ्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्टी लावावी आणि कूलर त्या खोलीत लावावा जिच्या समोरची खिडकी उघडी ठेवता येते. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. मृग लागल्यानंतर तर तो निरुपयोगीच होतो, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी हेच साधन. म्हणून खिडक्यांना डासांची जाळी आहे का, हे बघणे आवश्यक ठरते.

मेळघाटी_माणूस
इतका विचार करण्यापेक्षा चिखलदऱ्याला बदली मागून घ्यावी. कूलरचा प्रश्नच मिटतो.

फेज_गेला_का
आणि पावसाळ्यात चार महिने कपडे कसे वाळवायचे, हा नवा धागा उघडता येतो.

दवाखान्याच्या_पायरीवरून
मी या भागातील शासकीय रुग्णालयात काही वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. पन्नाशीनंतरच्या दोघांनी घर निवडताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पहिला असा की रात्री दोन वाजता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घराच्या दारापर्यंत येऊ शकते का. शेतातील पांदण रस्ता पावसाळ्यात चिखलाने बंद होत असेल तर रुग्णाला खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते. छातीत दुखण्याच्या तक्रारीत ती वेळ परवडणारी नसते. दुसरा प्रश्न असा की आपली नेहमीची औषधे जवळच्या दुकानात मिळतात का.

तिसरा प्रश्न सापांचा आहे. मास्तरांच्या धामणीला मी फारसा भ्यालो नसतो, परंतु धानाच्या भागात मण्यार आहे. ती रात्री फिरते आणि तिचा दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. दंशाच्या जागी सूज आणि वेदना फारशी नसल्यामुळे काहीतरी चावले असेल म्हणून माणूस पुन्हा झोपतो, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास अडू लागतो. तेव्हा पलंगावर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी, रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि पायांत बूट असावेत आणि भिंतीला लागून सरपणाचा ढीग नसावा. दंशाची शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठावे. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची काही गरज नसते. हे वाचून घर घेणे रद्द करू नये. माझी नोकरीतील सर्वांत सुखाची वर्षे तेथेच गेली.

दस्तलेखक_भंडारा
कराराविषयी थोडक्यात. तोंडी व्यवहार करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणीतून सूट मिळते हा समज चुकीचा आहे. मालक पुण्याला असेल तर ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. बँक आपल्या नावाने घर लीजवर घेणार असेल तर मालकीची कागदपत्रे मागितली जातात, आणि गावठाणातील अनेक घरांचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीची नोंद) अजून आजोबांच्या नावावर असतो. चार काकांच्या सह्या गोळा होईपर्यंत आपली पुढची बदली होईल. म्हणून घर आवडल्याबरोबर ॲडव्हान्स देऊ नका, आधी नमुना ८ आणि घरकराची पावती बघा.

मुख्यालयी_राहतो
बँकवाल्यांचे बरे आहे, त्यांना स्वतःच्या इच्छेने कामाजवळ राहता येते. आम्हां जिल्हा परिषदेच्या लोकांना मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव द्यावा लागतो. काकांना ठराव हवा असेल तर नमुना माझ्याकडे आहे.

साकोलीकडे_निघालो
आता मी, म्हणजे मूळ प्रश्नकर्ता. सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्नीचा प्रतिसाद मी तो प्रसिद्ध झाल्यावरच वाचला, आणि त्यानंतर घरे दोघांनी मिळून बघितली.

सानगडीच्या रस्त्याला एका शेतात माझ्या मनासारखे घर होते. समोर बोडी (लहान तळे), आवारात दोन मोहाची झाडे आणि एक जुने आंब्याचे. फेजभाऊंनी सांगितल्याप्रमाणे बिल मागितले तेव्हा मालकांनी शेतीपंपाचे बिल आणून दाखवले. पत्नीच्या फोनवर नेटवर्कची एक रेघ येत-जात होती. पांदण रस्ता अर्धा किलोमीटरचा आणि काळ्या मातीचा. मी बोलण्याआधीच मालकांनीच सांगितले की पावसाळ्यात ते स्वतः दुचाकी सडकेला ठेवून येतात.

दुसरे घर सेंदूरवाफ्याच्या कडेला आहे. पुढच्या बाजूने लेआउट, दोन्ही अंगांना बिऱ्हाडे, आणि मागच्या कुंपणापलीकडे थेट धानाच्या बांध्या. त्यांच्या शेवटी पळसाची रांग आणि त्यापुढे तलावाची पाळ दिसते. शाखा दुचाकीने दहा मिनिटांवर, ऑटोथांबा पायी अंतरावर. विहिरीत आज तीन-चार हात पाणी आहे आणि शेजारच्या काकूंनी सांगितले की ती मेमध्येही अगदी कोरडी पडत नाही, परंतु कूलरसाठी पाणी बघूनच वापरावे लागते. पश्चिमेला स्वयंपाकघर आहे, ही उणीव आहे. किराया महिना सहा हजार. मालक मुलाकडे पुण्याला असतात आणि एक खोली ठेवून घेणार आहेत. पोत्यांविषयी फोनवर विचारले असता ते हसले आणि म्हणाले की शेत ठोक्याने दिले आहे, खोलीत फक्त पाहुण्यांच्या गाद्या आहेत, पण मंडईच्या चार दिवसांत घरी पंधरा माणसे येतील, ते चालेल का. पत्नी लगेच चालेल म्हणाली.

एकच शंका राहिली आहे. नमुना ८ मालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे, आणि मालकांना एक बहीण आहे. बँकेची लीज न घेता मी व्यक्तिगत करार केला तर चालेल का?

दस्तलेखक_भंडारा
राहण्यापुरता व्यक्तिगत करार चालेल. मात्र करारावर बहिणीचीही सही घ्या आणि नमुना ८ ची प्रत सोबत जोडा. लीज सोडून घरभाडे भत्ता घेतल्यास हातात किती पडते, ते आपल्या कार्यालयातून आधी काढून घ्या. किराया सहा हजारच असेल तर कदाचित फारसा फरक पडणार नाही.

पळसगावची_लेक
मागे बांध्या असतील तर रोवणीच्या दिवसांत बेडकांचा आवाज भरपूर येईल, याची कल्पना असू द्या. आणि काकू, मंडईला नाटकाची तिकिटे लवकर संपतात. मला सांगितलेत तर दोन काढून ठेवते.

साकोलीकडे_निघालो
तीन काढा. मुलगी सुटी घेऊन येते म्हणाली आहे. (हे पत्नीने लिहिले आहे.)